डेटाबेसची नवी आवृत्ती: दर किती वर्षांनी?

शाळेच्या कचेरीतील जनरल रजिस्टर प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले असते. चाळीस वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेला एखादा माजी विद्यार्थी दाखल्याची दुसरी प्रत मागायला येतो. मग लिपिक कपाटातून ते जाडजूड रजिस्टर काढतात, अनुक्रमांक शोधतात आणि नोंद उतरवून देतात. मधल्या काळात रजिस्टरचा नमुना बदललेला असू शकतो. काही रकाने नव्याने आलेले असतात, काही गेलेले असतात. पण जुन्या नोंदी जुन्या रजिस्टरात आहेत तशाच राहतात आणि त्या वाचायला कोणतीच अडचण येत नाही. आता समजा, असा आदेश निघाला की नवा नमुना आल्यामुळे शाळेच्या स्थापनेपासूनच्या सर्व नोंदी नव्या रजिस्टरात पुन्हा उतरवून काढा, आणि ते काम पूर्ण होईपर्यंत कोणालाही दाखला देऊ नका. आणि असा आदेश दर वर्षी निघू लागला तर?

डेटाबेस सांभाळणाऱ्या मंडळींपुढे बरीच वर्षे नेमका हाच प्रश्न उभा होता. डेटाबेस म्हणजे पद्धतशीर मांडून ठेवलेल्या नोंदींचा साठा. त्या नोंदी लिहिणारे, शोधणारे आणि त्यांच्यात घोटाळा होऊ न देणारे सॉफ्टवेअर ही वेगळी गोष्ट. बँकेतील खाती, रेल्वेचे आरक्षण, दवाखान्यातील रुग्णांची माहिती आणि आपण शिक्षक ‘सरल’ किंवा ‘यूडायस’वर भरतो ती विद्यार्थ्यांची माहिती या सगळ्यांच्या मागे असे सॉफ्टवेअर काम करीत असते. लेखन करण्याचे किंवा चित्रे काढण्याचे सॉफ्टवेअर बदलणे तसे सोपे असते. नवे आवडले नाही तर जुने परत घालता येते. डेटाबेसचे तसे नाही. वर्षानुवर्षे साठलेल्या नोंदी डिस्कवर एका विशिष्ट मांडणीत लिहिलेल्या असतात आणि ती मांडणी फक्त त्या सॉफ्टवेअरलाच कळते. मांडणी बदलली की सगळ्या नोंदी बदलाव्या लागतात, आणि एकदा बदलल्या की मागे फिरणे अवघड होते.

म्हणून अशा सॉफ्टवेअरची मोठी नवी आवृत्ती किती काळाने काढावी, हा प्रश्न दिसतो तितका तांत्रिक नाही. लवकर काढली तर वापरणाऱ्यांचे हाल होतात. उशिरा काढली तर चांगल्या सुधारणा वर्षानुवर्षे अडकून पडतात आणि शेवटी सगळ्या एकदम अंगावर येतात. गेल्या पन्नास वर्षांत या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे देऊन पाहिली गेली. त्यांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

पहिली आवृत्ती नसलेली सॉफ्टवेअरे

आजच्या बहुतेक डेटाबेसांचे मूळ एडगर कॉड या आयबीएममधील गणितज्ञाने १९७० साली लिहिलेल्या एका निबंधात आहे. माहिती तक्त्यांच्या रूपात मांडावी आणि ती डिस्कवर कुठे, कशी ठेवली आहे याची चिंता वापरणाऱ्याने करू नये, ही त्यातील मुख्य कल्पना. आयबीएमने या कल्पनेवर प्रयोग सुरू केले खरे, पण या जातीचा विक्रीसाठीचा डेटाबेस आधी बाजारात आणला तो दुसऱ्याच एका छोट्या कंपनीने. हा ओरॅकल १९७९ साली आला आणि त्याच्यावर क्रमांक होता २. पहिली आवृत्ती अशी विकायला आलीच नाही, कारण कोणत्याही सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती घ्यायला गिऱ्हाईक बिचकते हे विकणाऱ्यांना ठाऊक होते!

हीच युक्ती थोड्याच काळात आणखी एका कंपनीने केली. अमेरिकेतील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत काम करणाऱ्या वेन रॅटलिफ यांनी छोट्या संगणकासाठी ‘व्हल्कन’ नावाचा डेटाबेस लिहिला होता. तो अ‍ॅश्टन-टेट या कंपनीने ‘डीबेस २’ या नावाने विकायला काढला. ‘डीबेस १’ कधी अस्तित्वातच नव्हता. म्हणजे आवृत्तीचा क्रमांक हा आरंभापासूनच काही अंशी विक्रीकलेचा भाग होता. पुढचा सगळा इतिहास वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

डीबेसशी आपल्याकडच्या अनेकांची ओळख आहे. १९९० च्या दशकात महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांतही संगणकाचे क्लास निघाले होते. तिथे वर्डस्टार आणि लोटस यांच्या जोडीला डीबेस ३ प्लस किंवा त्याचाच भाऊबंद असलेला फॉक्सप्रो शिकवला जाई. कित्येक पतपेढ्यांचे आणि दुकानांचे हिशेब त्यावर चालत. डीबेस ३ प्लस लोकांना इतका पसंत पडला होता की पुढच्या आवृत्तीची वाट सगळेच पाहात होते. डीबेस ४ ची घोषणा १९८८ च्या आरंभी झाली आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात तो बाजारात आला. पण तो दोषांनी भरलेला आणि संथ होता. सुधारलेली आवृत्ती यायला १९९० साल उजाडले. दोन वर्षे हा फार मोठा काळ होता. लोक जुन्याच ३ प्लसला चिकटून राहिले किंवा फॉक्सप्रोकडे वळले. १९९१ साली अ‍ॅश्टन-टेट बोरलँड कंपनीने विकत घेतली. या व्यवसायातील एक बलाढ्य कंपनी जवळजवळ एका आवृत्तीपायी बुडाली असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. फॉक्सप्रोचे नशीब वेगळे होते. त्याची कंपनी मायक्रोसॉफ्टने १९९२ साली घेतली, २००४ मध्ये व्हिज्युअल फॉक्सप्रोची नववी आवृत्ती निघाली, आणि दहावी निघालीच नाही. नवी आवृत्ती कधी काढावी या प्रश्नाचे ‘कधीच नाही’ हेही एक उत्तर असते आणि ते गिऱ्हाइकाला न विचारता दिले जाते.

विद्यापीठात जन्मलेला पोस्टग्रेस

या प्रश्नाची सर्वांत मोकळी आणि उघड चर्चा ज्याच्या बाबतीत झाली तो डेटाबेस म्हणजे पोस्टग्रेस-क्यू-एल. तो कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. जगभरचे लोक मिळून तो लिहितात आणि कोणीही तो फुकट वापरू शकतो. त्यामुळे त्याची कहाणी जरा विस्ताराने सांगण्यासारखी आहे.

अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर या प्राध्यापकांनी १९७० च्या दशकात ‘इंग्रेस’ नावाचा डेटाबेस विद्यार्थ्यांच्या मदतीने बनवला होता. १९८६ मध्ये त्यांनी त्याच्या पुढचा म्हणून ‘पोस्टग्रेस’ हाती घेतला. पहिली आवृत्ती जून १९८९ मध्ये मोजक्या बाहेरच्या लोकांना वापरायला दिली. तिच्यातील नियमांच्या पद्धतीवर टीका झाली. तेव्हा तो भाग नव्याने रचून जून १९९० मध्ये दुसरी आवृत्ती काढली आणि १९९१ मध्ये तिसरी. म्हणजे साधारण वर्षाला एक. पण या आवृत्त्या संशोधनासाठी होत्या. प्रयोग फसला तर तो भाग काढून टाकायचा, नवी कल्पना सुचली तर ती घालायची.

अडचण आली ती लोकांना हा प्रयोग आवडल्यामुळे. १९९३ या एका वर्षात बाहेरच्या वापरणाऱ्यांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. त्यांच्या शंका, त्यांना सापडलेले दोष, त्यांच्या मागण्या यांना उत्तरे देण्यातच प्राध्यापकांचा आणि विद्यार्थ्यांचा वेळ जाऊ लागला. संशोधन बाजूला पडू लागले. अखेर ४.२ या आवृत्तीनंतर १९९४ साली बर्कलेने प्रकल्प बंद केला. संशोधनक्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही हा निर्णय पटेल. शोधनिबंध लिहिला की आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. त्या निबंधातले उपकरण कोणी दहा वर्षे दुरुस्त करीत बसावे अशी अपेक्षा आमच्या व्यवसायात नसते. वापरणाऱ्याची अपेक्षा मात्र तीच असते.

अँड्र्यू यू आणि जॉली चेन या बर्कलेच्याच दोन विद्यार्थ्यांनी हे सॉफ्टवेअर नव्याने हाती घेतले, त्याला एस-क्यू-एल ही प्रचलित प्रश्नभाषा शिकवली आणि ‘पोस्टग्रेस ९५’ म्हणून इंटरनेटवर खुले केले. नावात साल घालणे फार काळ चालणार नाही हे लवकरच उघड झाले. १९९६ मध्ये नाव बदलून पोस्टग्रेस-क्यू-एल झाले. बर्कलेतील जुन्या आवृत्त्यांचा क्रम पुढे चालवत जानेवारी १९९७ मध्ये ६.० ही आवृत्ती निघाली.

मग आवृत्त्यांचा धडाका सुरू झाला. जानेवारी १९९७ मध्ये ६.० आणि जून १९९९ मध्ये ६.५, म्हणजे अडीच वर्षांत सहा मोठ्या आवृत्त्या. उत्साही तरुणांची मंडळी होती, करण्यासारखे पुष्कळ होते आणि ज्यांच्याकडे फार मोठा साठा होता असे वापरणारे थोडेच होते.

इथे ‘मोठी’ आणि ‘छोटी’ आवृत्ती यांतला फरक समजून घ्यायला हवा. छोट्या आवृत्तीत फक्त दोष दुरुस्त केलेले असतात. डिस्कवरची मांडणी तीच राहते. सॉफ्टवेअर थांबवायचे, बदलायचे आणि पुन्हा सुरू करायचे, की काम मिनिटांत होते. मोठ्या आवृत्तीत नव्या सुविधा येतात आणि त्यासाठी आतली मांडणी बदलण्याची मुभा लिहिणाऱ्यांनी स्वतःकडे ठेवलेली असते. तेव्हा जुन्या सॉफ्टवेअरकडून सगळ्या नोंदी साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढायच्या आणि नव्या सॉफ्टवेअरकडून त्या पुन्हा आत भरून घ्यायच्या, एवढा एकच मार्ग त्या काळी होता. जनरल रजिस्टर नव्याने उतरवून काढण्यासारखेच हे काम. त्याला लागणारा वेळ साठ्याच्या आकाराच्या प्रमाणात वाढतो. साठा शंभरपट झाला की वेळही निदान शंभरपट होतो. अर्ध्या तासाचे काम दोन दिवसांवर जाते आणि तेवढा काळ व्यवहार बंद ठेवावा लागतो. पोस्टग्रेस जसजसा यशस्वी होत गेला, तसतशी त्याची प्रत्येक नवी आवृत्ती त्याच्या जुन्या वापरणाऱ्यांना जास्त जाचक होऊ लागली.

एका वजाबाकीची गोष्ट

मांडणी बदलणे ही एक अडचण. दुसरी अडचण वागणूक बदलण्याची. याचे माझे आवडते उदाहरण फेब्रुवारी २००८ मध्ये आलेल्या ८.३ या आवृत्तीतले आहे आणि ते वर्गात फळ्यावर करून दाखवण्याजोगे आहे.

त्याआधीच्या आवृत्त्यांत डेटाबेस फार समजूतदारपणा दाखवत असे. दोन वेगळ्या प्रकारच्या गोष्टींची तुलना करायला सांगितली तर तो दोन्हींचे मुकाट्याने मजकुरात रूपांतर करी आणि अक्षरांप्रमाणे तुलना करी. आता समजा, १५ जून १९९५ पूर्वी जन्मलेली मुले शोधायची आहेत. तारीख अवतरणचिन्हांत लिहायला हवी. पण लिहिणाऱ्याने ती चिन्हे विसरून नुसते १९९५-०६-१५ असे लिहिले. संगणकाच्या दृष्टीने ही तारीख नाही. ही वजाबाकी आहे! १९९५ वजा ६ वजा १५, म्हणजे १९७४. आता प्रश्न असा झाला की कोणत्या मुलाची जन्मतारीख १९७४ पेक्षा लहान आहे? तारीख आणि संख्या यांची तुलना होत नाही. म्हणून समजूतदार डेटाबेस दोन्हींना मजकूर मानतो आणि शब्दकोशात शब्द लावावेत तशी तुलना करतो. २ मार्च १९९४ ही तारीख ‘१९९४’ ने सुरू होते. ते ‘१९७४’ च्या नंतर येते, म्हणून ते मूल यादीत येत नाही. उत्तर येते: एकही मूल नाही. कसली तक्रार नाही, कसली सूचना नाही. शांतपणे चुकीचे उत्तर.

८.३ मध्ये हा समजूतदारपणा काढून टाकला. आता असा प्रश्न विचारला की डेटाबेस स्पष्ट सांगतो, तारीख आणि संख्या यांची तुलना मला करता येत नाही. सुधारणा अगदी योग्य होती. पण त्या दिवशी जगभर कित्येक ठिकाणची चालू कामे बंद पडली, कारण वर्षानुवर्षे लिहिलेल्या आज्ञावल्या नकळत त्या समजूतदारपणावर विसंबून होत्या. त्यांतल्या बऱ्याच बरोबर उत्तरही देत होत्या. त्यांना आता जागोजागी दुरुस्त करणे आले. काही जणांनी आणखी काही वर्षे ८.२ वरच मुक्काम ठोकला.

अशा बदलाला मोठी आवृत्तीच लागते. छोट्या दुरुस्तीच्या पोटात तो घालून पाठवला तर वापरणारा पुन्हा कधी विश्वास ठेवणार नाही. म्हणून ‘मोठ्या आवृत्त्या अगदी क्वचित काढा’ असे म्हणणाऱ्यांना मला नेहमी विचारावेसे वाटते की ही वजाबाकी तुम्ही किती वर्षे चालू दिली असती?

गाडी वेळेवर सुटली पाहिजे

२००५ ते २०१० या काळात पोस्टग्रेस लिहिणाऱ्यांनी आणखी एक धडा गिरवला. तोवर आवृत्ती निघे ती ठरलेल्या सुविधा तयार झाल्या की. अमुक गोष्ट झाल्याशिवाय गाडी सोडायची नाही, असा तो प्रकार. नोव्हेंबर २००३ मधील ७.४ नंतरची आवृत्ती ७.५ म्हणून ओळखली जाणार होती. तिच्यात विंडोजवर थेट चालण्याची सोय, बिघाडानंतर हव्या त्या क्षणापर्यंतची माहिती परत मिळवण्याची सोय अशी एकेक मोठी कामे जमत गेली. शेवटी तिला ८.० म्हणायचे ठरले आणि ती जानेवारी २००५ मध्ये आली. ८.३ ची तर गंमतच झाली. ती २००७ च्या मध्यावर, म्हणजे नेहमीपेक्षा लवकर काढायचा बेत होता. त्यासाठी नवी भर घालणे मार्च २००७ अखेर थांबवले. पण तोवर तपासायला आलेल्या कामांचा असा ढीग साचला होता की पहिली चाचणी आवृत्ती ऑक्टोबरात निघाली आणि अंतिम आवृत्ती पुढच्या फेब्रुवारीत.

ढीग साचण्याचे कारण शिक्षकांना चटकन कळेल. उत्तरपत्रिका लिहायला तीन तास लागतात आणि लिहिणारे शेकडो असतात. तपासणारे मोजके असतात. डेटाबेसचा एखादा नवा भाग कोणी उत्साही माणूस महिन्याभरात लिहितो. तो बरोबर आहे का, वीज गेली तर काय होईल, शंभर जण एकदम वापरू लागले तर काय होईल, हे तपासणारी अनुभवी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात आणि तीही बरीचशी स्वतःच्या कामातून वेळ काढून हे करीत असतात. शिवाय पुढची गाडी कधी सुटेल याचा भरवसा नसला की जो तो याच गाडीत घुसायला पाहतो. सणासुदीला एस.टी. स्टँडवर दिसते तेच दृश्य.

उपाय दोन प्रकारे झाला. २००८ पासून ‘कमिटफेस्ट’ सुरू झाले. ठरावीक काळाने एक महिना राखून ठेवायचा, त्यात नवे लिखाण बाजूला ठेवून इतरांचे काम तपासायचे. आणि हळूहळू वर्षाला एक मोठी आवृत्ती, तीही शक्यतो सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, असा शिरस्ता पडला. ९.० आली सप्टेंबर २०१० मध्ये, ९.१, ९.२ आणि ९.३ त्यापुढच्या तीन सप्टेंबरांत. ज्याचे काम तयार नसेल तो पुढच्या वर्षी येईल. गाडी त्याच्यासाठी थांबणार नाही. आश्चर्य असे की त्यामुळे घाई वाढली नाही, कमी झाली. पुढची गाडी नक्की आहे म्हटल्यावर दारात लोंबकळण्याचे कारण उरत नाही.

त्याच सुमारास वापरणाऱ्यांचेही दुखणे बरेच हलके झाले. २०१० मध्ये ९.० बरोबर ‘पीजी-अपग्रेड’ हे साधन आले. त्यामागची कल्पना साधी आहे. आवृत्ती बदलताना मांडणी बदलते ती प्रामुख्याने डेटाबेसच्या स्वतःविषयीच्या नोंदींची: कोणते तक्ते आहेत, त्यांत कोणते रकाने आहेत वगैरे. प्रत्यक्ष माहितीच्या पानांची मांडणी ८.३ पासून तशीच ठेवली होती. तेव्हा फक्त अनुक्रमणिका नव्याने लिहायची आणि आतली पाने आहेत तशी नव्या पुठ्ठ्यात बांधायची. दोन दिवसांचे काम काही मिनिटांवर आले. माझ्या मते वर्षाला एक आवृत्ती हे वेळापत्रक टिकले त्याचे खरे श्रेय कोणत्याही धोरणापेक्षा या साधनाला आहे.

पण वेळापत्रकाची पूजा करायची नसते, हे लगेच दिसून आले. २०१४ च्या सप्टेंबरात ९.४ यायची होती. तिच्यात जेसन या लोकप्रिय पद्धतीची माहिती साठवण्याची नवी, वेगवान सोय होती. चाचणी आवृत्त्या निघाल्यावर लक्षात आले की या सोयीने साठवलेली माहिती दाबून लहान करता येत नाही आणि डिस्कवर अवाजवी जागा खाते. कारण शोधले तेव्हा ते शाळेच्या गणितातले निघाले. प्रत्येक घटक कुठे संपतो याच्या संख्या सुरुवातीलाच ओळीने लिहिलेल्या होत्या. समजा घटकांच्या लांब्या ५, ५, ७, ५, ५ अशा आहेत. तर शेवटाच्या जागा होतात ५, १०, १७, २२, २७. ही चढती श्रेणी आहे, तिच्यात काहीच पुन्हा येत नाही. आणि माहिती दाबण्याची पद्धत तर पुनरावृत्तीवरच चालते. पहिल्या १०२४ बाइटांत पुनरावृत्ती सापडली नाही तर ती नाद सोडून देते. बेरजांऐवजी मूळच्या लांब्याच लिहिल्या की ५ पुन्हा पुन्हा येतो आणि काम होते. पण मग शंभरावा घटक शोधायला आधीच्या सगळ्या लांब्या मिळवत बसावे लागते. तोडगा असा काढला की लांब्या लिहायच्या आणि दर ३२ व्या ठिकाणी मात्र बेरीज लिहायची. रस्त्याच्या कडेला मैलाचे दगड असतात तसे.

हे सगळे होईपर्यंत डिसेंबर उजाडला. तीन महिने उशीर झाला आणि काही जण कुरकुरलेही. पण ठरलेल्या तारखेला ती आवृत्ती सोडली असती तर ती मांडणी लाखो डिस्कांवर लिहिली गेली असती आणि मग ती बदलणे जवळजवळ अशक्य झाले असते. याच्या उलट अनुभव आदल्याच वर्षीचा होता. ९.३ मध्ये नोंदींना कुलूप लावण्याच्या नव्या पद्धतीत राहून गेलेले दोष २०१५ पर्यंत एकामागून एक निघत राहिले, आणि त्यांतल्या काहींनी माहितीलाच धोका पोचत होता. त्यानंतरची ९.५ जानेवारी २०१६ पर्यंत लांबली ती काही उगीच नव्हे.

२०१७ मध्ये क्रमांकांचा घोळही संपवला. ९.५ वरून ९.६ ही मोठी उडी आहे हे नवख्याला कळत नसे. दशांश चिन्हानंतरचा आकडा बदलला म्हणजे किरकोळ दुरुस्ती असेल असे त्याला वाटे. म्हणून ९.६ नंतर थेट १०, मग ११, असे पूर्णांक सुरू झाले. २०२५ च्या सप्टेंबरात १८ वी आवृत्ती आली. प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात आणि दर तीन महिन्यांनी छोट्या आवृत्त्या निघतात. म्हणजे कोणत्याही वेळी पाच आवृत्त्या जिवंत असतात आणि एक दोष सापडला की तो पाच ठिकाणी दुरुस्त करावा लागतो. वर्षाला दोन आवृत्त्या काढल्या तर हीच संख्या दहा होईल. वेग का वाढवत नाहीत याचे उत्तर या गुणाकारात आहे.

इतरांची उत्तरे

मायएसक्यूएल या दुसऱ्या लोकप्रिय डेटाबेसची चाल बराच काळ अनियमित होती. ५.० निघाली २००५ मध्ये आणि ५.१ साठी २००८ उजाडले. ८.० ही आवृत्ती २०१८ मध्ये आल्यावर वेगळाच प्रयोग झाला. मोठी आवृत्ती न काढता छोट्या आवृत्त्यांतूनच नव्या सुविधा येत राहिल्या. त्याचा परिणाम असा की ज्याला फक्त दुरुस्ती हवी त्यालाही नवलाई घ्यावी लागे. २०२२ साली तर ८.०.२९ ही छोटी आवृत्ती गंभीर दोषामुळे मागे घ्यावी लागली. २०२३ पासून त्यांनी दोन वाटा वेगळ्या केल्या: नवलाई हवी असणाऱ्यांसाठी दर तिमाहीची एक आणि स्थैर्य हवे असणाऱ्यांसाठी वर्षानुवर्षे सांभाळली जाणारी एक. २०२४ मधली ८.४ ही या दुसऱ्या वाटेवरची पहिली. ओरॅकलनेही २०१८ पासून वर्षाला एक असा क्रम धरला होता. १८ आणि १९ आल्या, २० सर्वांसाठी आलीच नाही, २१ नंतर मुक्काम एकदम २३ वर. दरम्यान सावध गिऱ्हाईक दीर्घ मुदतीच्या १९ वर बसून राहिले.

सर्वांत निराळे उत्तर एसक्यूलाइटचे. रिचर्ड हिप यांनी २००० साली काढलेला हा छोटेखानी डेटाबेस आज जवळजवळ प्रत्येक मोबाइल फोनमध्ये असतो. त्याची तिसरी मोठी आवृत्ती २००४ मध्ये आली, आणि चौथी अजून आलेली नाही. छोट्या आवृत्त्या वर्षातून अनेक निघतात, पण २००४ मध्ये लिहिलेली फाइल आजही उघडते, आणि २०५० पर्यंत हे चालू ठेवण्याचा त्यांचा जाहीर संकल्प आहे. ऐकायला हे फार छान वाटते. मात्र त्याची किंमतही त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवली आहे. आरंभीच्या एका दोषामुळे त्यात नोंदीचा मुख्य ओळखक्रमांक काही परिस्थितीत रिकामा राहू शकतो. हा दोष आहे हे त्यांना ठाऊक आहे. पण त्यावर विसंबून कोणाचे तरी काम चालू असेल म्हणून तो काढलेला नाही. जनरल रजिस्टरात क्रमांकाचा रकाना कोरा ठेवण्याची परवानगी असावी, तसेच हे.

फोनमधल्या छोट्या साठ्याला हे चालते. पगार, परीक्षांचे निकाल, रुग्णांची औषधे ज्यात आहेत त्या साठ्याला मला ते चालवून घ्यावेसे वाटत नाही. तिथे दोष काढून टाकण्याची वाट मोकळी हवी आणि ती वर्षातून एकदा उघडावी हे मला बरोबर वाटते. प्रत्येकाने दर वर्षी त्या वाटेने गेलेच पाहिजे असे मात्र नाही. पाच वर्षांच्या मुदतीत एकदा गेले तरी भागते. प्रत्यक्षात तेवढेही होत नाही. माझ्या माहितीतल्या एका प्रयोगशाळेत उपकरणांची मोजमापे साठवायला एका संशोधक विद्यार्थ्याने डेटाबेस उभा केला. पीएच.डी.लाही साधारण पाच वर्षेच लागतात. पदवी घेऊन तो गेला, त्याच सुमारास त्या आवृत्तीच्या दुरुस्त्या थांबल्या आणि ते यंत्र पुढे कित्येक वर्षे तसेच चालत राहिले, कारण त्याला हात लावायचे धाडस कोणाला झाले नाही.

हे धाडस कमी लागावे म्हणून अजून काम चालू आहे. पीजी-अपग्रेडने पाने नव्या पुठ्ठ्यात बांधता येत होती, पण एक गोष्ट मागे राहात असे. कोणत्या तक्त्यात साधारण काय आणि किती आहे याचे अंदाज डेटाबेस स्वतःसाठी टिपून ठेवतो. त्यांवरून तो शोधाचा जवळचा रस्ता निवडतो. आवृत्ती बदलली की हे अंदाज पुसले जात आणि ते पुन्हा गोळा होईपर्यंत मोठमोठे डेटाबेस पहिले काही तास गाव नवीन असलेल्या पोस्टमनसारखे चाचपडत राहात. २०२५ च्या १८ व्या आवृत्तीपासून बहुतेक अंदाज नव्या आवृत्तीत सोबत नेता येऊ लागले आहेत.